जुन्या नाण्यांचे फोटो पुस्तकात छापायचेत? आधी फोटो कुणाचा ते बघा

नाणं दोन हजार वर्षांपूर्वीचं, ते पाडणारा राजाही गेला आणि त्याचं राज्यही गेलं, मग त्याला कसला आलाय कॉपीराइट, असं म्हणत कितीतरी लेखक इंटरनेटवरून नाण्यांचे फोटो डाउनलोड करतात आणि तसेच डिझायनरकडे पाठवून देतात. यातलं अर्धं बरोबर आहे. इतक्या जुन्या नाण्यावर कॉपीराइट नसतोच. पण पुस्तकात नाणं छापलं जात नाही, नाण्याचा फोटो छापला जातो, आणि तो फोटो कुणीतरी अलीकडेच लाइट लावून, नाणं हळूहळू फिरवत, झिजलेली अक्षरं उठून दिसेपर्यंत धडपडून काढलेला असतो. त्या माणसाचा, किंवा तो ज्यांच्यासाठी काम करतो त्या म्युझियमचा किंवा लिलाव कंपनीचा त्या फोटोवर हक्क असू शकतो. मी पुस्तकांसाठी चित्रं मिळवायचं आणि परवानग्या आणायचं काम करते, आणि नाण्यांच्या पुस्तकात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

म्हणजे प्रत्येक चित्रामागे दोन प्रश्न असतात. नाण्याच्या डिझाइनवर कुणाचा हक्क आहे का, आणि फोटोवर कुणाचा हक्क आहे का. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि दोन्ही सुटल्याशिवाय चित्र छपाईला जाऊ देऊ नका.

नाण्याचं डिझाइन

इंग्लंडमधला कॉपीराइटचा पहिला कायदा 1710 सालचा, आणि तोही फक्त पुस्तकांपुरता होता. त्यामुळे अथेन्सची घुबडवाली नाणी, रोमन दिनारियस, सातवाहनांची शिशाची नाणी, मुघल मोहोरा, शिवराई, या सगळ्यांच्या डिझाइनवर आज जगात कुणाचाही कॉपीराइट नाही. नाणं ज्याच्या तिजोरीत आहे त्याचाही नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण काही संग्राहक म्हणतात की नाणं माझं आहे म्हणून त्याच्या चित्राचा हक्कही माझा. तसं नसतं. वस्तू त्याच्या मालकीची, पण डिझाइन सगळ्यांचं. तो तुम्हाला नाणं बघायला द्यायचं नाकारू शकतो, फोटो काढायला अटी घालू शकतो, पण कॉपीराइट म्हणून काही मागू शकत नाही.

गडबड होते ती विसाव्या शतकातल्या नाण्यांची. लोक 1970 च्या नाण्यालाही जुनं नाणं म्हणतात, पण कायद्याच्या हिशोबाने ते जुनं नसतं. भारतात सरकारी कामावरचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे नाणं चलनात आलं त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं मोजायची. ब्रिटनमध्ये टांकसाळीच्या डिझाइनवर क्राउन कॉपीराइट, म्हणजे सरकारचा कॉपीराइट, असतो आणि तो सर्वसाधारणपणे प्रकाशनापासून 50 वर्षांनी संपतो. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या कामावर कॉपीराइट नसतो, म्हणून तिथली बरीचशी नाणी मोकळी आहेत, पण सगळी नाहीत. 2000 साली आलेल्या साकागाविया डॉलरचं पुढच्या बाजूचं चित्र ग्लेना गुडएकर या बाहेरच्या शिल्पकार बाईंचं होतं आणि त्याचा कॉपीराइट त्यांच्याकडून यूएस मिंटकडे, म्हणजे अमेरिकेच्या टांकसाळीकडे, आला. म्हणजे सरकारी नाणं असूनही कॉपीराइट आहे. युरोच्या नाण्यांची जी सामायिक बाजू असते तिचा कॉपीराइट युरोपियन युनियनकडे आहे, पण सपाट चित्र, फोटो किंवा रेखाटन स्वरूपात ती छापायला परवानगी आहे, फक्त चित्र नाण्याशी प्रामाणिक हवं आणि युरोची प्रतिमा खराब होईल असा वापर नको. देशांच्या बाजूचे नियम मात्र त्या त्या देशाचे.

हे कागदावरचं वाटत असेल तर कॅनडाचं उदाहरण बघा. 2007 मध्ये टोरंटो शहराने एका मोहिमेत एक सेंटच्या नाण्याचं चित्र वापरलं तर तिथल्या टांकसाळीने शहराकडे 47 हजार डॉलरच्या वर रक्कम मागितली होती, नंतर ते प्रकरण सोडून दिलं. एक सेंटचं नाणं, आणि मागणी एका महापालिकेकडे. तेव्हा नवीन नाणी पुस्तकात घेताना त्या देशाच्या टांकसाळीची वेबसाइट उघडून चित्रांच्या वापराचं पान वाचून घ्यायचंच.

आणखी एक. काही देशांत कॉपीराइट संपला तरी वारशाच्या वस्तूंचे कायदे उरतात. इटलीत 2004 च्या सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार सरकारी संग्रहातल्या वस्तूची प्रतिमा व्यावसायिक कामासाठी वापरायची तर परवानगी आणि फी लागू शकते, ग्रीसमध्येही सरकारी म्युझियममधल्या प्राचीन वस्तूंसाठी असेच नियम आहेत. नाणं तिथल्या म्युझियमचं असेल तर नुसतं "पब्लिक डोमेन आहे" (म्हणजे कॉपीराइट नसलेलं, सगळ्यांना मोकळं) म्हणून पुढे जाऊ नका.

फोटोवर हक्क लागतो का, यावरच खरा वाद आहे

1999 साली अमेरिकेत ब्रिजमन विरुद्ध कोरेल हा निकाल आला. त्यात कोर्टाने सांगितलं की पब्लिक डोमेनमधल्या चित्राचा जसाच्या तसा फोटो काढला तर त्या फोटोत नवीन असं काही नसतं म्हणून त्यावर नवा कॉपीराइट तयार होत नाही. हा निकाल लोक नाण्यांनाही लावून मोकळे होतात आणि इथेच फसतात, कारण तो निकाल सपाट चित्रांबद्दल आहे. नाणं सपाट नसतं. उठाव कितीही कमी असला तरी प्रकाश कुठून टाकला, किती तिरका टाकला, सावली कुठे पडू दिली, यावर त्याच नाण्याचे दोन फोटो इतके वेगळे येतात की एकात राजाचं नाक-डोळे स्पष्ट दिसतात आणि दुसऱ्यात नुसती झिजलेली चकती दिसते. ही निवड फोटोग्राफरची असते, आणि निवड आली की मौलिकता आली असं म्हणायला जागा होते. विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या चित्रांच्या साइटवरही म्हणूनच नियम असा आहे की पेंटिंगचा सरळ फोटो चालतो पण नाण्याच्या फोटोला फोटोग्राफरचं लायसन्स वेगळं लागतं.

याउलट नाणं फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवून बटण दाबलं असेल तर त्यात कुणाची कल्पकता आहे हे सांगणं अवघड. अमेरिकेत 2008 मध्ये मेशवर्क्स विरुद्ध टोयोटा या खटल्यात गाड्यांची हुबेहूब डिजिटल थ्रीडी मॉडेलं मौलिक नाहीत असं अपील कोर्टाने म्हटलं, म्हणजे वस्तू त्रिमितीय असली तरी नुसती नक्कल केली तर कॉपीराइट मिळेलच असं नाही. भारतात इस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जनशीलता हवी असं सांगितलं. इंग्लंडमध्ये 2023 च्या टीएचजे विरुद्ध शेरिडन निकालातही कोर्टाने तेच धरलं की काम करणाऱ्याची स्वतःची बौद्धिक निर्मिती त्यात दिसली पाहिजे. युरोपियन युनियनच्या 2019 च्या कॉपीराइट डायरेक्टिव्हमधलं (सदस्य देशांना दिलेल्या कायदेशीर निर्देशातलं) कलम 14 सांगतं की पब्लिक डोमेनमधल्या दृश्यकलेच्या नुसत्या प्रतिकृतीवर नवा हक्क नाही. पण युरोपातच साध्या, मौलिक नसलेल्या फोटोंनाही वेगळं संरक्षण देणारे देश आहेत, जर्मनीत 50 वर्षं, स्पेनमध्ये 25, आणि नाण्याच्या फोटोला कलम 14 कितपत लागू होईल यावर जाणकारांचंही एकमत नाही.

या सगळ्याचा माझ्यापुरता अर्थ मी असा घेते की नाण्याच्या फोटोवर कॉपीराइट आहे असं धरूनच चालायचं. कोर्टात कदाचित जिंकाल, पण पुस्तकाचं बजेट कोर्टात जाण्याइतकं नसतं आणि प्रकाशकाला नोटीस आली की तो वाद घालत बसत नाही, आवृत्ती थांबवतो.

फोटो मुळात कुठला आहे ते कसं शोधायचं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण बहुतेक वेळा लेखकाकडे फोटो असतो पण तो कुठून आला हे त्यालाच आठवत नसतं, व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पाठवलेला असतो किंवा कुठल्यातरी ब्लॉगवरून घेतलेला असतो आणि त्या ब्लॉगवाल्यानेही तो दुसरीकडूनच उचललेला असतो.

हाताने पाडलेल्या नाण्यांची एक गंमत अशी की दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात. ठसा मध्यावर बसला की सरकला, कडेला चीर कुठे गेली, कुठलं अक्षर पत्र्याबाहेर पडलं, सराफाने पारख करताना मारलेली टाच कुठे आहे, या खुणा म्हणजे त्या नाण्याचे बोटांचे ठसेच. तेव्हा तुमच्याकडचा फोटो मोठा करून स्क्रीनवर ठेवा आणि दोन-तीन खुणा निवडा. समजा डाव्या कडेला घड्याळात आठ वाजता जिथे काटा असतो तिथे एक चीर आहे आणि राजाच्या कानामागे एक खड्डा आहे. मग गूगल लेन्स किंवा टिनआय अशा फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटमध्ये फोटो टाकून जे जे सापडेल त्यात त्या चिरेची आणि त्या खड्ड्याची जागा जुळते का बघत जा. जुळली म्हणजे नाणं तेच. मग सावल्या बघा, त्याही जुळल्या म्हणजे फोटोही तोच. अशा शोधात बऱ्याचदा शेवटी एखाद्या लिलावाचा जुना लॉट नंबर (लिलावाच्या यादीतला त्या नाण्याचा क्रमांक) किंवा म्युझियमचा रजिस्ट्रेशन नंबर हाती लागतो, आणि तो लागला की परवानगी कुणाकडे मागायची हे कळतं.

हीच गोष्ट उलटीही लागू पडते. ज्याने फोटो काढला तोही तुमच्या पुस्तकात त्याच चिरेवरून आपलं नाणं लगेच ओळखतो. बॅकग्राउंड काढून टाकली, रंग बदलला, आरसा-प्रतिमा केली तरी ओळखतो. नाणी बघणाऱ्यांची नजर तशीच तयार झालेली असते. आणि आरसा-प्रतिमा तर कृपा करून कधीच करू नका, अक्षरं उलटी होतात आणि पुराव्याचीच वाट लागते.

मोह का होतो तेही सांगते. नाणं साधारणपणे मूळ आकारात छापतात. दोन सेंटिमीटरचं नाणं 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) छापायला जेमतेम 240 पिक्सेल लागतात, त्यामुळे वेबवरचा छोटासा फोटोही छपाईत बरा दिसतो आणि मोठी फाइल मागायला कुणाशी बोलायची गरजच पडत नाही. पण फाइल पुरली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आणि खाली "सौजन्य : इंटरनेट" लिहिल्यानेही होत नाही. सौजन्य म्हणजे ज्याने दिलं त्याचे आभार. इंटरनेटने काही दिलेलं नसतं.

निर्धास्तपणे कुठून घेता येतं

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी 2017 पासून पब्लिक डोमेनमधल्या वस्तूंचे आपले फोटो सीसी झिरोखाली (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, आधीच परवानगी देऊन ठेवणारी तयार लायसन्सं, आणि झिरो म्हणजे कसलीही अट नाही) मोकळे केलेत, म्हणजे विकायच्या पुस्तकातही चालतात आणि परवानगी लागत नाही. स्मिथसोनियनने फेब्रुवारी 2020 मध्ये तेच केलं, आणि त्यांच्याकडे अमेरिकेचा राष्ट्रीय नाणेसंग्रहच आहे. मात्र दोन्हीकडे प्रत्येक वस्तूच्या पानावर सीसी झिरोची किंवा ओपन अॅक्सेसची खूण आहे का ते बघायचं, संपूर्ण वेबसाइट मोकळी नसते. येल युनिव्हर्सिटी आर्ट गॅलरीनेही 2011 पासून पब्लिक डोमेनमधल्या वस्तूंचे फोटो मोकळे करायला सुरुवात केली.

ब्रिटिश म्युझियमची गोष्ट वेगळी आहे. तिथले ऑनलाइन फोटो सीसी बाय-एनसी-एसए 4.0 खाली आहेत. यातल्या एनसीचा अर्थ व्यावसायिक वापर नाही. किंमत लावून विकायचं पुस्तक म्हटलं की प्रश्न आलाच, मग ते संस्थेने ना नफा ना तोटा काढलेलं असलं तरी. अशा वेळी त्यांच्या चित्रविभागाला लिहून पैसे भरून परवानगी घ्यायची. ब्रिटनच्याच पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये लोकांना शेतात वगैरे सापडलेल्या नाण्यांचे भरपूर फोटो आहेत आणि त्यातले बहुतेक नुसतं श्रेय देऊन वापरता येतात.

रोमन नाण्यांचा ऑनलाइन कॅटलॉग, ज्याला सगळे ओक्रे म्हणतात, तिथे एक जण हमखास फसतो. नाण्याच्या माहितीचं लायसन्स मोकळं असतं ते वाचून लोक खालचे फोटोही घेतात. पण ते फोटो वेगवेगळ्या म्युझियमांनी दिलेले आहेत आणि प्रत्येकाची अट वेगळी आहे. फोटोवर क्लिक करून मूळ म्युझियमच्या पानावर जायचं आणि तिथली अट धरायची. नुमिस्टासारख्या साइटवरही तसंच, फोटो सदस्यांचे किंवा लिलाव कंपन्यांचे असतात, साइटचे नसतात.

विकिमीडिया कॉमन्सवर क्लासिकल न्यूमिस्मॅटिक ग्रुपचे हजारो फोटो आहेत, नाण्यांचे लिलाव करणाऱ्या या कंपनीने आपलं नाव देण्याच्या अटीवर ते मोकळ्या लायसन्सखाली वापरायची परवानगी दिलेली आहे. तिथल्या बाकी फोटोंबाबत मात्र अपलोड करणाऱ्याने "माझं स्वतःचं काम" असं लिहिलं असलं तरी वर सांगितली तशी चिरेवरून तपासणी करा. दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून टाकणारे असतात आणि त्याने दिलेलं लायसन्स मग कवडीमोलाचं ठरतं.

जुने छापील कॅटलॉग ही तर खाणच आहे, आणि त्याकडे कुणी फारसं वळत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या गुप्त राजांच्या नाण्यांचा जॉन अॅलन यांचा कॅटलॉग 1914 चा आहे. अॅलन 1955 मध्ये वारले. अमेरिकेत इतकं जुनं छापील काम केव्हाच मोकळं झालंय, तिथे जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून 95 वर्षांचा हिशोब लागतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे मजकूर 2015 संपता संपता मोकळा झाला, आणि ब्रिटनमध्ये 70 वर्षं, म्हणजे 2025 संपेपर्यंत थांबावं लागलं. एकच पुस्तक, तीन देश, तीन उत्तरं. आणि हे मजकुराचं झालं, प्लेटचा, म्हणजे कॅटलॉगमधल्या चित्रांच्या पानांचा, फोटोग्राफर कोण ते वेगळं बघायचं. सातवाहनांच्या नाण्यांवरचा रॅप्सन यांचा 1908 चा कॅटलॉग घेतलात तर ते 1937 मध्येच वारले म्हणून तिन्हीकडे काळजी नाही. या जुन्या प्लेट बऱ्याचदा नाण्यांचे प्लास्टरचे साचे बनवून त्यांचे फोटो काढून केलेल्या असतात, त्यामुळे धातूची चमक नसते पण उठाव आणि अक्षरं फार सुंदर दिसतात, कृष्णधवल पुस्तकात तर त्या नव्या फोटोंपेक्षा उजव्या ठरतात.

सीसी लायसन्स वाचताना

बाय म्हणजे श्रेय द्या. श्रेयात फोटोग्राफरचं किंवा संस्थेचं नाव, फोटो कुठून घेतला, लायसन्सचं नाव आणि आवृत्ती, आणि तुम्ही काही बदल केला असेल तर तो, हे सगळं आलं पाहिजे. एसए म्हणजे बदल करून बनवलेली गोष्ट त्याच लायसन्सखाली द्या. यामुळे अख्खं पुस्तक मोकळं करावं लागेल का, अशी भीती लोकांना वाटते. फोटो तसाच्या तसा मजकुराशेजारी छापला तर साधारणपणे तसं होत नाही, पण दोन फोटो एकत्र करून, बाण काढून नवं चित्र केलंत तर ते चित्र त्या लायसन्सखाली द्यावं लागेल. एनडी म्हणजे बदल नको. नाण्याच्या फोटोची बॅकग्राउंड तर जवळजवळ प्रत्येक डिझायनर कापतो, म्हणून एनडीवाले फोटो मी घेतच नाही.

लायसन्सची आवृत्तीही बघा. 4.0 मध्ये श्रेय द्यायचं चुकलं आणि कळल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केलं तर तुमचा हक्क परत मिळतो. जुन्या 2.0, 3.0 मध्ये ही सवलत नाही. छापलेल्या पुस्तकात 30 दिवसांत दुरुस्ती कशी करणार हा प्रश्न उरतोच, म्हणून श्रेयनामावली छपाईआधी एकदा फक्त तेवढ्याचसाठी वाचा.

परवानगीचा मेल

लिलाव कंपन्या आणि खासगी संग्राहक अभ्यासाच्या पुस्तकाला बऱ्याचदा पैसे न घेता परवानगी देतात, फक्त नीट विचारावं लागतं. "तुमचे काही फोटो वापरू का" असं मोघम लिहिलं की उत्तर येत नाही. असं लिहा:

"नमस्कार. मी अमुक विषयावर पुस्तक लिहीत आहे, प्रकाशक अमुक. आपल्या अमुक तारखेच्या लिलावातील लॉट क्रमांक अमुक या नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो आतल्या पानावर मूळ आकारात छापण्याची परवानगी हवी आहे. छापील आवृत्ती साधारण अमुक प्रती, शिवाय ई-बुक. भाषा मराठी, पुढे इंग्रजी अनुवाद होऊ शकतो. विक्री जगभर. पुढच्या आवृत्त्या व पुनर्मुद्रणं यात धरावीत ही विनंती. श्रेय कोणत्या शब्दांत द्यावं ते कळवावं. फोटोचा कॉपीराइट आपल्याकडेच आहे ना, हेही कृपया कळवावं."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. कधीकधी कंपनीने बाहेरच्या फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतलेला असतो आणि हक्क त्याच्याकडेच राहिलेला असतो. कव्हरवर वापरायचा असेल तर तेही वेगळं लिहा, आतल्या पानाची परवानगी कव्हरला चालत नाही. फोनवर "हो हो, वापरा" मिळालं तरी त्याच दिवशी "आपल्या बोलण्यानुसार" म्हणून मेल टाकून होकार लेखी घ्या. उत्तरच आलं नाही तर? आठवण करा, पुन्हा करा, आणि तरी नाही आलं तर दुसरा फोटो शोधा. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे.

स्वतः फोटो काढणं किंवा चित्र काढून घेणं

जमत असेल तर हाच सगळ्यात चांगला मार्ग. संग्राहकाकडून फोटो काढायची आणि छापायची, दोन्ही परवानग्या घ्या. म्युझियममध्ये तिकिटावर किंवा दारावरच्या पाटीवर "फक्त वैयक्तिक वापरासाठी" असं असतं, तिथे तुम्ही काढलेला फोटो तुमचाच असला तरी ती अट मोडल्याची तक्रार येऊ शकते, म्हणून आधी लेखी विचारा. नाणं कडेने धरा, फोटोसाठी म्हणून घासूनपुसून चकचकीत करू नका. उजेड वरून येऊ द्या, कारण खालून आला की उठाव डोळ्यांना खड्ड्यासारखा दिसतो आणि राजाचा चेहरा आत गेल्यासारखा वाटतो. शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो वेगळा काढून ठेवा, आणि व्यास व वजन तिथेच लिहून घ्या.

फोटोग्राफर लावणार असाल तर हक्काचं आधीच लेखी ठरवा. भारतीय कायद्यात मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला तर हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो, पण ब्रिटनमध्ये तो फोटोग्राफरकडेच राहतो आणि अमेरिकेतही नुसते पैसे दिल्याने येत नाही. भारतात हक्क लिहून घेताना मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत असं धरलं जातं, तेव्हा या दोन ओळी करारात हव्यातच.

रेखाचित्रांबाबत एक गैरसमज फार पसरलाय की फोटोवरून ट्रेस केलं की ते आपलं झालं. नाण्यावर जे आहे ते काढायला कुणाची ना नाही, पण एकाच फोटोतल्या सावल्या, प्रकाश, शेडिंग जसंच्या तसं उतरवलं तर ते त्या फोटोचं रूपांतर ठरू शकतं. चित्रकाराला शक्यतो खरं नाणं दाखवा, नाहीतर त्या प्रकारच्या नाण्यांचे चार-पाच वेगवेगळे फोटो समोर ठेवून फक्त आकृती आणि अक्षरं रेषेत काढायला सांगा. अशा चित्राचा एक फायदाही असतो, चार अर्धवट नाण्यांवरून पूर्ण लेख वाचता येतो. फक्त खाली "अनेक नाण्यांवरून पूर्ण केलेलं रेखाचित्र" असं लिहा, नाहीतर वाचकाला वाटेल की असं अखंड नाणं कुठेतरी आहे.

आणि एआयने नाण्याचं चित्र बनवू नका. अस्पष्ट फोटो एआयने मोठाही करू नका, ते झिजलेल्या अक्षराच्या जागी आपल्या मनाने अक्षर भरतं आणि नाणेशास्त्रात एका अक्षरावर राजा बदलतो.

फेअर यूजच्या भरवशावर राहावं का

अमेरिकेत 2006 मध्ये बिल ग्रॅहम आर्काइव्ह्ज विरुद्ध डॉर्लिंग किंडर्स्ली या खटल्यात पुस्तकात लहान आकारात, इतिहास सांगण्यासाठी छापलेली पोस्टरं फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वाजवी वापर, ठरली होती. त्यामुळे फोटोवर खरंच चर्चा चालू असेल, तोच फोटो दाखवल्याशिवाय मुद्दा कळणार नसेल, तर तिथे मांडायला बाजू आहे. भारतात मात्र सवलत आहे ती स्वतःचा अभ्यास, टीका किंवा समीक्षण, चालू घडामोडी अशा ठरलेल्या कामांपुरती, आणि प्रकरणाच्या सुरुवातीला शोभेसाठी टाकलेलं नाणं त्यात बसवणं कठीण. मी हा मार्ग शेवटचा ठेवते, आणि त्यावर अवलंबून राहायचंच असेल तर छपाईआधी वकिलाला दाखवते.

नोंदवही

पहिल्या दिवसापासून एक एक्सेल शीट ठेवा. प्रत्येक चित्राला एक ओळ: पुस्तकातला चित्र क्रमांक, नाणं कोणतं, फोटो कुणाचा, म्युझियमचा किंवा लॉटचा नंबर, पान उघडल्याची तारीख, लायसन्स किंवा परवानगीचा मेल, ई-बुक आणि अनुवाद यात धरलाय का, श्रेयाचे नेमके शब्द. ज्या पानावर लायसन्स लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट त्याच फोल्डरमध्ये टाका, कारण वेबसाइट बदलतात आणि चार वर्षांनी विचारणा झाली तर तेव्हा काय लिहिलं होतं हे दाखवता आलं पाहिजे. फाइलचं नावसुद्धा चित्र क्रमांकानेच ठेवा, "रोमन नाणं फायनल 2" असं नको.

लेखक-प्रकाशक करारात बहुतेक वेळा एक कलम असतं की पुस्तकातल्या सगळ्या सामग्रीचे हक्क लेखकाने मिळवलेले आहेत आणि काही दावा आला तर खर्च लेखकाचा. सही करायच्या आधी हे कलम शोधून वाचा, चित्रांच्या परवानग्यांची फी कोण भरणार ते त्यातच लिहून घ्या, आणि ज्या चित्रांची ओळ शीटमध्ये अजून रिकामी आहे त्यांची यादी प्रकाशकाला त्याच दिवशी द्या.